सल्ला हवा: शब्द नसलेलं रॉक, कुठले दोन अल्बम विकत घेऊ? (बजेट एकूण 1000)

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका छोट्या युनिटात ड्रॉइंग आणि सीएनसी (संगणकावर चालणारं मशीन) प्रोग्रॅमिंग करतो. केबिन म्हणजे प्लायवूडचं पार्टिशन, पलीकडं दोन सीएनसी आणि एक जुना लेथ. कानात काहीतरी लागतंच, पण शब्द आले की लक्ष तिकडं जातं आणि तेच डायमेन्शन दोनदा वाचावं लागतं. एका मित्रानं पेनड्राइव्हवर एक्सप्लोजन्स इन द स्काय या बिनगायकाच्या बँडचं संगीत दिलं, ते आवडलं. तसंच अजून हवंय.
अटी: गायक नको. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज येत नाही, त्यामुळं स्ट्रीमिंग नको, फाइल विकत घेऊन फोनमध्ये ठेवणार. दोन अल्बमना मिळून 1000 रुपये. इअरफोन आहेत, ते सुचवू नका. आणि पोस्ट-रॉक, मॅथ-रॉक वगैरे प्रकारांवर भांडू नका ही विनंती.

टिळकवाडी_टोन
आधी इअरफोन कुठले ते सांग. ते चांगले नसतील तर बाकी सगळं फुकट. मी गेल्या वर्षी टर्नटेबल घेतला, स्पीकर धरून अठ्ठावीस हजार गेले, पण काय आवाज आहे! एकदा रेकॉर्डवर ऐकलंस तर फाइल परत ऐकणार नाहीस.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
दादा, लेथशेजारी टर्नटेबल कुठं ठेवू?

निपाणी_नाका
मोग्वाई. डोळे झाकून मोग्वाई. ग्लासगोचा बँड, 1995 पासून वाजवतायत, 'यंग टीम' 1997 चा. 2021 मध्ये त्यांचा 'अ‍ॅज द लव्ह कंटिन्यूज' ब्रिटनच्या अल्बम यादीत पहिल्या नंबरावर गेला. पोस्ट-रॉक शिकायचं तर इथूनच.

हिंदवाडी_हेडफोन
मोग्वाईला पोस्ट-रॉक म्हणू नका. त्यांच्या स्टुअर्ट ब्रेथवेटलाच ते नाव आवडत नाही. आणि मुळात पोस्ट-रॉक म्हणजे 'गायक नसलेलं रॉक' हे आपल्याकडं कुणी पसरवलं देव जाणे. सायमन रेनल्ड्स या समीक्षकानं 1994 मध्ये हे नाव चालवलं ते बार्क सायकोसिसबद्दल लिहिताना. त्या बँडमध्ये गाणं आहे! त्याचं म्हणणं एवढंच की वाद्यं रॉकची, पण काम रॉकचं नाही. गिटारवर रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) आणि सोलो वाजवण्यापेक्षा आवाजाचा पोत तयार करायचा. त्या हिशेबानं शिकागोचा टॉर्टॉइज खरा पोस्ट-रॉक: दोन-दोन बेस, व्हायब्राफोन, मरिंबा. 1996 च्या अल्बममधला 'जेड' वीस मिनिटांचा आहे. एक्सप्लोजन्सवाले सरळ रॉक बँड आहेत, भावुक गिटार बँड म्हणा हवं तर.

निपाणी_नाका
झालं सुरू. त्यानं भांडू नका म्हणून लिहिलंय ना?

हिंदवाडी_हेडफोन
भांडत नाही, माहिती देतोय.

जुनी_कॅसेट_कॅम्प
तुम्ही मंडळी 1990 च्या अलीकडे सगळं जन्माला आलं असं बोलता. लिंक रेचं 'रंबल' 1958 चं. एक शब्द नाही त्यात, तरी काही रेडिओ स्टेशनांनी ते लावायचं बंद केलं होतं, पोरं बिघडतील म्हणून! 1960 मध्ये इंग्लंडात शॅडोजचं 'अपाची' आलं आणि त्याच साली अमेरिकेत व्हेंचर्सचं 'वॉक, डोन्ट रन'. ती मूळ चाल जॉनी स्मिथ या जॅझ गिटारवाल्याची. व्हेंचर्सनी जपानला तर वेड लावलं. आमच्या कॅम्पातल्या घरी रेडिओवर शॅडोज लागले की वडील आवाज कमी करायला सांगायचे आणि आई वाढवायची. प्रत्येक गाणं दोन-अडीच मिनिटांत खलास. तुमच्या त्या वीस मिनिटांत माझा चहा होऊन कपबशी विसळून होते.

मच्छे_मेटल
सर्फ रॉक हवं असेल तर जो सॅट्रियानीचा 'सर्फिंग विथ द एलियन' घे. 1987. गिटार काय वाजवलंय!

हिंदवाडी_हेडफोन
नावात सर्फिंग आहे म्हणून सर्फ रॉक होत नाही हो. त्याच्या मूळ कव्हरवर सिल्व्हर सर्फर हा कॉमिकमधला हिरो होता, एवढंच. सर्फ रॉक म्हणजे गिटारवाला डिक डेल, 1962 चं 'मिझर्लू', भरपूर रिव्हर्ब (घुमणारा आवाज) आणि तारेवर सतत चालणारी पिक.

मच्छे_मेटल
बरं. पण गिटार चांगली आहे की नाही ते सांग.

शहापूरची_सून
उद्यमबाग भाऊ, तुमच्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही म्हणून लिहिते. नावं सोडा, आवाजाची चढउतार बघा. माझं माहेर कोल्हापूर, त्यामुळं एसटीचा प्रवास नेहमीचा. एकदा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर हा बँड लावून बसले. सुरुवातीला इतकं हळू की संकेश्वर गेलं तरी इंजिनाच्या घरघरीशिवाय काही ऐकू येईना. मी आवाज वाढवत गेले. तवंदी घाटात बस पहिल्या गिअरला आली आणि नेमकं तेव्हाच त्यांचं सगळं एकदम फुटलं: गिटारी, ड्रम, व्हायोलिन. मी कानातले ओढून काढले तर शेजारच्या आजी विचारतात, "काय झालं गं, मुंगी चावली का?"
मोग्वाईतही तेच, 'लाइक हेरॉड' ऐकून बघा, मधेच अंगावर येतं. मशीनच्या आवाजात हळू भाग हरवतात आणि मोठे भाग कान फोडतात. आवाज वाढवून-वाढवून दिवसभर ऐकणं कानालाही बरं नाही. तुमच्या जागी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका पट्टीत चालणारं घेईन. कार्मा टू बर्न बघा. तिघंच जण, जाड रिफ, गाण्यांना नावंसुद्धा नाहीत, नुसते आकडे. पहिल्या अल्बमला रेकॉर्ड कंपनीच्या आग्रहामुळं गायक घ्यावा लागला होता, तो सोडून 1999 चा 'वाइल्ड, वंडरफुल पर्गेटरी' घ्या.

निपाणी_नाका
ताईंचं म्हणणं बरोबर आहे. मीही तेच सांगणार होतो.

चिकोडी_बेस
मॅथ-रॉक कुणीच कसं सांगितलं नाही? टोकियोचा 'टो' बँड. 2005 चा अल्बम, नाव ऐक: 'द बुक अबाउट माय आयडल प्लॉट ऑन अ व्हेग अँग्झायटी'. नावच प्रवासाएवढं लांब. गिटारी स्वच्छ, डिस्टॉर्शन जवळजवळ नाही आणि ड्रमर थांबतच नाही, म्हणजे मशीनच्या आवाजातही कळेल. मात्रा 5 च्या, 7 च्या, मधेच बदलतात. मी आणि गोकाकचा एक मित्र त्यातलं एक गाणं बसवतोय. तो कन्नड बोलतो, मी मराठी, मात्रा मोजताना दोघंही इंग्रजीत मोजतो. सातवर आलो की दोघंही दोन वेगळ्या ठिकाणी.

अनगोळ_तबला
सात मात्रा म्हणजे गणित? रूपक सातचा, झपताल दहाचा, आमच्या क्लासमधली आठवीची पोरं वाजवतात. सुळेभावीला कुमार गंधर्व जन्मले, वझेबुवा बेळगावात राहिले, आणि इथं बसून आपण जपानकडून सात मोजायला शिकायचं?

चिकोडी_बेस
अहो, सात मात्रा असल्या म्हणून मॅथ-रॉक होत नाही. तुमच्या रूपकात आवर्तन कायम राहतं, सम ठरलेली असते. इथं एक गिटार पाचात, दुसरी चारात, आणि दोन ओळींनी सगळं बदलतं. सम शोधायलाच मजा.

अनगोळ_तबला
सम शोधावी लागत असेल तर वाजवणाऱ्याची चूक. बाकी ते पोस्ट-रॉक हळू सुरू होऊन चढत जातं, ते आलाप-जोड-झाल्याचंच रूप आहे.

हिंदवाडी_हेडफोन
नाही. आलापाला ताल नसतो आणि तो जागेवर सुचत जातो. एक्सप्लोजन्सचं चढणं आधी बसवलेलं असतं आणि राग उलगडायचा नसतो. दोन्हीकडं वेग वाढतो एवढंच साम्य. तसा मालगाडीचाही वाढतो.

बेंजो_मास्तर_येळ्ळूर
काय बोलूलास रे सगळी? इन्स्ट्रुमेंटल बँड बघायला ग्लासगोला कशाला जाऊलास मर्दा, आमची बेंजो पार्टी काय होती मग? ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जनरेटर, पुढं भोंगे, बेंजोला पिकअप लावलेला, साइडला ड्रम आणि कॅसिओ. गाणारा कोण नाही. शिवजयंतीच्या चित्ररथात रात्री अकराला सुरू केलं की पहाटंपर्यंत. बेंजोच्या तारेवर पट्टी अशी घासायची की सनईगत आवाज निघायचा, बोटाची सालं जायची. पब्लिक एका गाण्यावर अर्धा तास सोडायचं नाही. ते तुमचं वीस मिनिटांचं काय सांगूलास. नंतर डॉल्बी आला आणि सगळं बसलं.

जुनी_कॅसेट_कॅम्प
मास्तर, हे मान्य. डिक डेलपेक्षा वेगळं काही नव्हतं ते.

मच्छे_मेटल
बेंजो पार्टीचं रेकॉर्डिंग कुणाकडं आहे का? खरंच हवंय.

बेंजो_मास्तर_येळ्ळूर
माझ्याकडं दोन कॅसेटी हाईत. चालणारा टेप कुणाकडं हाय?

पत्ता_नसलेला_वाचक
भारतातलं काहीतरी घ्या की. बेंगळुरूचे अनटिल वी लास्ट, अहमदाबादचे अ‍ॅजवीकीपसर्चिंग. अ‍ॅजवीकीपसर्चिंगचा 2017 चा अल्बम 'झिया' फार सुंदर आहे. बाहेरचे बँड श्रीमंत आहेत, त्यांना तुमच्या हजाराची गरज नाही.

निपाणी_नाका
'झिया'मध्ये गाणं आहे. हिंदीत. त्यानं गायक नको लिहिलंय.

पत्ता_नसलेला_वाचक
आवाज वाद्यासारखा वापरलाय त्यांनी.

निपाणी_नाका
हिंदी कळत असेल तर तो वाद्यासारखा राहत नाही.

हिंदवाडी_हेडफोन
शब्दांवरून आठवलं, गॉडस्पीडचा 'लिफ्ट युअर स्किनी फिस्ट्स लाइक अँटेनाज टू हेवन' पहिला म्हणून चुकूनही घेऊ नकोस. 2000 चा डबल अल्बम, चारच तुकडे, मधे माणसांच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग. घरी, अंधारात, काही काम नसताना ऐकायची गोष्ट आहे ती. शॉपफ्लोरवर वाया जाईल.

चिकोडी_बेस
+1. गॉडस्पीड पहिला नको.

निपाणी_नाका
+1. मीही तेच म्हणणार होतो.

शहापूरची_सून
मी वर घाटाची गोष्ट सांगितलीच आहे.
आता पैशाचं कुणी बोलतच नाही म्हणून. बँडकॅम्पवर (बँडकडून थेट फाइल विकत घ्यायची वेबसाइट) बहुतेक अल्बम 7 ते 10 डॉलरला असतात, म्हणजे हजारात एक धरून चाला, दोन बसले तर नशीब. काही बँड किंमत तुमच्यावर सोडतात, तिथं कमीत घेता येतं. कार्डावर परदेशी व्यवहार बंद असतो, तो आधी बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा, मर्यादा हजार-दीड हजारच ठेवा आणि घेऊन झालं की पुन्हा बंद. वर बँक थोडं परकीय चलनाचं शुल्क लावते ते वेगळं. फाइल फ्लॅकमध्ये (आवाजातलं काही न गाळणारा फॉरमॅट) उतरवली तर पाऊण तासाचा अल्बम 250-300 एमबी होतो, 320 चा एमपी3 शंभरच्या आसपास. लेथशेजारी फरक कळणार नाही, एमपी3 च घ्या. एकदा विकत घेतलं की नंतर दुसऱ्या फॉरमॅटमध्ये पुन्हा उतरवता येतं.

मच्छे_मेटल
शुक्रवारी घे, बँडकॅम्पवर शुक्रवारी स्वस्त असतं.

शहापूरची_सून
स्वस्त नसतं. काही ठरावीक शुक्रवारी बँडकॅम्प आपलं कमिशन सोडतं, ते पैसे बँडला जातात. आपल्याला किंमत तीच.

टिळकवाडी_टोन
एमपी3 घ्या म्हणणाऱ्यांशी मला काही बोलायचं नाही.

अनगोळ_तबला
रेकॉर्डच घ्यायची तर महाविष्णू ऑर्केस्ट्रा घ्या, 1971 चा 'द इनर माउंटिंग फ्लेम'. जॉन मॅकलॉफलिन. गाणारा नाही, विषम मात्रा आहेत आणि गिटार-व्हायोलिन-कीबोर्डची झुंज अशी की सवाल-जवाब ऐकल्यासारखं वाटतं. यात मला काही वावगं दिसत नाही.

हिंदवाडी_हेडफोन
ते जॅझ-रॉक.

अनगोळ_तबला
तुमच्या बोलण्याला सम नाही.

चिकोडी_बेस
काका, महाविष्णू मला पण आवडतात. दोन-तीन गाण्यांच्या मात्रा मोजून द्याल का? आमचं अडलंय.

अनगोळ_तबला
रविवारी क्लासवर ये. दहाच्या आत. मित्रालाही आण, मोजायला कन्नड चालतं आमच्याकडं.

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
सगळ्यांचे आभार. सगळं वाचलं. नमुने घरी वायफायवर ऐकले. कार्मा टू बर्न आमच्या स्पिंडलच्याच आवाजासारखं वाटलं, वेगळं ऐकू येईना. टो छान आहे, पण त्या ड्रमरकडं लक्ष जातं आणि मी पेन्सिलनं टेबल वाजवत बसतो. व्हेंचर्स आईला आवडले, तिनं ठेवून घेतले.
शेवटी गॉडस्पीडचा तो डबल अल्बम घेतला. एकच घेतला, वरचे पैसे राहिले. सत्त्याऐंशी मिनिटं आहे, तेवढ्या पैशात दुसरं कुणी इतकं देत नव्हतं.

हिंदवाडी_हेडफोन
अरे, तोच सोडून घे म्हणून सांगत होतो आम्ही. आणि बोलणं आहे त्यात, ते कसं चाललं?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
एक म्हातारा जुन्या दिवसांचं काहीतरी सांगत असतो. मशीन चालू असताना ऐकू येत नाही, जेवणाच्या सुट्टीत बंद केल्यावर येतो. तेव्हा ड्रॉइंग नसतं समोर, बोलू दे.

शहापूरची_सून
आवाज किती ठेवता?

उद्यमबाग_सेकंड_शिफ्ट
निम्मा. हळू भाग जातात ते जाऊ देतो.

टिळकवाडी_टोन
राहिलेले पैसे इअरफोनसाठी बाजूला ठेव.