अनुभव धागा: मुलांना देवाच्या हवाली करताना

श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची पूजा करणाऱ्या घरांमध्ये एक रीत आजही पाळली जाते. मुले जवळ असतील तर आई त्यांना पाटावर बसवून ओवाळते. ती परगावी असतील, तर चारही दिशांना अक्षता टाकून त्यांचे औक्षण करते. डोळ्यांआड गेलेल्या लेकरासाठी आईच्या हातात एवढेच उरते, आणि देवावर भार टाकला तरी काळजी संपत नाही, असे मला वाटते. मुलाला शिक्षणासाठी वा नोकरीसाठी दूर पाठवताना, मुलीची पाठवणी करताना किंवा कायमचा निरोप देताना आपल्या श्रद्धेने आपल्याला कुठे सावरले आणि कुठे ती अपुरी पडली, हे मोकळेपणाने लिहावे, ही विनंती. सगळ्याच अनुभवांचा शेवट गोड असावा, अशी अपेक्षा नाही.

सांगलीहून एक आई
आमच्याकडे देवघराशेजारच्या भिंतीवर जिवतीचा कागद लावतात. त्यावर नरसिंह, कालियामर्दन करणारा कृष्ण, लेकरे अंगाखांद्यावर खेळवणाऱ्या जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती असतात. त्याला आघाडा-दूर्वांची माळ घालून मी पुरणाचे दिवे लावते. मुलगी शिकायला जर्मनीला गेल्यापासून पश्चिमेकडे टाकलेल्या अक्षता तिच्या, असे मी मनाशी धरले आहे. त्या बाजूला कपाट असल्यामुळे त्या त्याच्यामागे जाऊन पडतात आणि दिवाळीच्या साफसफाईत रंग उडालेल्या अशा सापडतात. सुरुवातीला मी तिला दिवसातून अनेकदा फोन करीत असे. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जिवतीला सांगितलंस ना? मग तिच्यावर थोडं सोपव की." त्यांचे स्वतःचे एक मूल लहानपणीच गेले होते आणि तरीही त्या हे म्हणत होत्या, म्हणून ते शब्द मनात रुजले.

साताऱ्याहून एक आई
खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत 2022 पासून मुलींनाही प्रवेश मिळू लागला आणि माझ्या मुलीने तोच ध्यास घेतला. ती निघण्यापूर्वी आम्ही तुळजापूरला जाऊन भवानीची ओटी भरली. "माझ्या लेकीला सुखरूप ठेव" हे शब्द ओठांवर आले खरे. पण जिने स्वतःहून हा मार्ग निवडला, तिच्यासाठी केवळ सुखरूपपणा मागणे मला कमीपणाचे वाटले. मी तिच्यासाठी धैर्य मागितले आणि माझ्यासाठी झोप. झोप अजून पुरती मिळालेली नाही.

वसईहून एक आई
माझा मुलगा धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत गेला. एकुलता एक मुलगा देवाला देणे म्हणजे घराण्याचा दिवा विझवणे, असे आमच्याच नातेवाइकांनी बोलून दाखवले. रोज संध्याकाळी रोझरी म्हणताना मला बायबलमधली हन्ना आठवे. नवसाने झालेल्या शमुवेलाला तिने शिलोच्या मंदिरात ठेवले, हे सर्वांना माहीत असते. परंतु ती दरवर्षी त्याच्यासाठी एक लहान झगा शिवून घेऊन जात असे, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. प्रत्येक वर्षी त्या झग्याचे माप वाढले असेल, आणि जवळ नसलेल्या मुलाचे माप तिने कशावरून घेतले असेल, याचा विचार करताना मला वाटते की तिने मुलाला दिले ते खरेच, पण आईपण सोडले नाही. भेटीच्या दिवशी मी राजेळी केळ्यांची सुकेळी घेऊन जाते. तो ती सोबत्यांना वाटून टाकतो, आणि मला ते आवडते.

रत्नागिरी जिल्ह्यातून एक आई
1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेवढे दिवस माझा मुलगा रात्री घरात असतो. पुढे नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ अर्पण करायचा, एकवीरा आईचे नाव घ्यायचे आणि होडी सोडायची. माझ्या आईने माझ्या भावांना असेच पाठवले, मीही तसेच पाठवते.

नागपूरहून एक आई
माझा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला. "देवाची इच्छा" असे जो तो सांगत होता आणि प्रत्येक वेळी तो शब्द मला लागत होता, कारण ज्याच्या भरवशावर मी त्याला रोज दारातून निरोप देत होते, त्याचीच ही इच्छा कशी असेल, हे मला आजही उमगलेले नाही. कित्येक महिने देवघरात दिवा लागला नाही. पुढे एका कीर्तनात ऐकले की जनाबाईसुद्धा विठ्ठलाला रागे भरते, त्याला कारटा म्हणते. त्या रात्री मी देवापुढे बसून मनात होते ते सारे बोलले, चांगले नसलेलेही. आता दिवा लावते. मन शांत झाले आहे असे म्हणणार नाही.

वसईच्या आईचे उत्तर
नागपूरच्या ताई, हन्नासुद्धा मंदिरात दुःखाने इतकी रडली की ओठ हलत होते आणि शब्द ऐकू येत नव्हता. तेव्हा याजक एलीला वाटले की ही बाई प्यालेली आहे. "मी माझा जीव देवापुढे मोकळा करीत आहे," असे तिने त्याला समजावून सांगितले आणि त्याने तिला आशीर्वाद दिला. तुमच्या त्या रात्रीच्या बोलण्याला कोणी अश्रद्धा म्हटले, तर त्याला ही गोष्ट जरूर सांगा. आज संध्याकाळच्या रोझरीत तुमच्या मुलाचीही आठवण करीन. तुमची हरकत असेल, तर तसे कळवावे.