घोरण्यावरचा दातांचा साचा

इथे एकांनी विचारलंय, झोपेत श्वास अडतो म्हणून सीपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं यंत्र) लावतो, पण त्याचा मास्क सहन होत नाही, तर ऑनलाइन मिळणारा माउथगार्ड घेऊ का? कृपया नको. आमच्या ह्यांनी कोथरूडच्या एका दंतवैद्यांकडून झोपताना दातांवर घालायचा मापाचा साचा करून घेतला. तो खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरतो, त्याबरोबर जीभही पुढे येते आणि घसा मोकळा राहतो. पहिले काही दिवस सकाळी जबडा दुखायचा, लाळ सुटायची. दातांचा चावा, म्हणजे वरचे-खालचे दात एकमेकांवर बसण्याची ठेवण, बदलत नाही ना, हे अजून दाखवत असतो.

पण आधी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेत श्वास किती वेळा अडतो याची तपासणी, कराच. तासाला ३० किंवा जास्त वेळा श्वास अडत असेल तर सीपॅपच पहिला उपाय. मास्कचा प्रकार बदलून बघा. साचा घेतलात तर तो घालून पुन्हा तपासणी करा. ह्यांचं घोरणं थांबलं होतं, श्वास मात्र अडतच होता. मग जबडा आणखी थोडा पुढे घ्यावा लागला.