केस-आढाव्याच्या बैठकीत मूलच दिसेनासे होते, तेव्हा पर्यवेक्षकाने काय करावे?

प्रश्न : धागाकर्ती

बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या सामाजिक कार्यकर्त्यांच्या एका गटाचे पर्यवेक्षण अलीकडे माझ्याकडे आले आहे. त्याआधी मी याच गटात केसेस सांभाळत होते, त्यामुळे आज ज्यांच्या कामाचा आढावा मी घेते ते कालपर्यंत माझे बरोबरीचे सहकारी होते आणि त्यांतील एक बाई तर अनुभवाने माझ्याहून मोठ्या आहेत. माझा प्रश्न त्यांच्याच एका केससंबंधी आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगा चार वर्षांचा आहे आणि त्याची आबाळ होत असल्याची तक्रार आल्यामुळे ही केस सुरू झाली. त्याच्या आईशी या बाईंचे संबंध फार चांगले जुळले आहेत. थकलेले घरभाडे, आईची औषधे, तिचे बहिणीशी झालेले भांडण, नोकरीचा शोध या सगळ्यांची नोंद फाइलमध्ये बारकाईने केलेली आहे. मात्र सलग तीन गृहभेटींच्या नोंदीत मुलाबद्दल एकच वाक्य आहे : ‘मुलगा झोपलेला होता.’ तिन्ही भेटी ठरल्या तारखेला झाल्या आहेत आणि सर्व रकाने भरलेले आहेत, त्यामुळे मासिक तक्त्यात ही केस बिनचूक दिसते. बैठकीत मी मुलाबद्दल विचारले, तर ‘आई आता पुष्कळ सावरली आहे’ असे उत्तर मिळाले.

चूक पकडण्याचा सूर न लागता नेमके काय विचारावे? आणि मुदती, अहवाल, रजा यांतच बैठकीचा निम्मा वेळ जात असेल, तर केसवर विचार करायला जागा कशी काढावी?

प्रतिसाद १ : माजी पर्यवेक्षक

बैठक कशी घ्यावी हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो दुसरा. आधी त्या मुलाला जागेपणी कोणीतरी पाहिले पाहिजे आणि ते पुढच्या मासिक भेटीपर्यंत थांबवता येणार नाही. मुलगा दुपारी झोपत असेल तर सकाळी जावे. तो बालवाडीत जात असेल तर तिथल्या शिक्षिकेशी आजच बोलावे आणि त्याची शेवटची वैद्यकीय तपासणी कधी झाली तेही विचारावे. ‘सलग तीन भेटींत मुलाशी संपर्क नाही, म्हणून अमुक तारखेपर्यंत जागेपणी भेट’ असा निर्णय कारणासह केसच्या फाइलमध्येच, आपल्या नावाने लिहावा. पर्यवेक्षकाचा निर्णय केवळ बैठकीच्या वहीत राहिला, तर पुढे फाइल वाचणाऱ्याला तो कधीच कळत नाही.

लंडनमध्ये 2000 साली व्हिक्टोरिया क्लिंबिए या आठ वर्षांच्या मुलीचा, ज्यांच्या ताब्यात ती होती त्यांच्याच छळामुळे मृत्यू झाला. तिची माहिती अनेक यंत्रणांकडे पोहोचलेली होती. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशी अहवालाने 2003 मध्ये 108 शिफारशी केल्या. पर्यवेक्षकाने ठरावीक काळाने केसची फाइल स्वतः वाचावी, तपासावी आणि तिच्यावर सही करावी, ही त्यांतलीच एक. आपल्या केसमध्ये ‘झोपलेला होता’ हे वाक्य एकेकट्या भेटीत खटकत नाही. तिन्ही नोंदी एकाखाली एक वाचल्या तेव्हाच ते डोळ्यांत भरले. आपण फाइल वाचली म्हणून हे लक्षात आले. ही सवय सोडू नका.

प्रतिसाद २ : प्रशिक्षक

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत आहे, म्हणून केवळ बैठकीविषयी लिहितो.

समाजकार्यातील पर्यवेक्षणाची तीन अंगे सामान्यतः मानली जातात : प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देणारे. अमेरिकी अभ्यासक आल्फ्रेड कदुशिन यांनी ही मांडणी 1976 मध्ये रूढ केली. कामाचा ताण वाढला की पहिले अंग उरलेली दोन्ही गिळून टाकते, कारण मुदत चुकली तर वरून लगेच विचारणा होते, पण विचार झाला नाही तर ते कित्येक महिने कोणाच्याही लक्षात येत नाही. म्हणून मुदती आणि रजा बैठकीतून बाहेर काढून आदल्या दिवशी लेखी मागवाव्यात, आणि प्रत्येक बैठकीत सगळ्या केसेस वरवर चाळण्याऐवजी एक-दोन केसेस खोलवर घ्याव्यात. त्यांतली एक आपण निवडावी. कार्यकर्ता अडलेल्या केसेस स्वतःहून आणतो. ज्या सुरळीत वाटतात त्या आणत नाही, आणि आपली ही केस नेमकी तशीच आहे.

आता प्रश्न. ‘मुलाशी का बोलला नाहीत?’ असे विचारले की समोरची व्यक्ती बचावाला लागते. त्याऐवजी फाइल मिटवून म्हणावे, ‘या मुलाचा कालचा दिवस मला सांगा. तो किती वाजता उठला, त्याला कोणी खाऊ घातले, रडल्यावर तो कोणाकडे गेला?’ ज्या टप्प्यावर उत्तर ‘असेल’, ‘असावे’ असे येऊ लागते, तिथे माहिती संपून अंदाज सुरू झालेला असतो, आणि ते आपण न सांगताही बोलणाऱ्याच्या ध्यानात येते. त्यानंतर मी नेहमी आणखी एक प्रश्न विचारतो : ‘आई सावरली आहे हे आपले मत चुकीचे असेल, तर आपल्याला काय दिसायला हवे होते, आणि ते आपण पाहायला गेलो होतो का?’ कुटुंबाबद्दल एकदा चांगले मत बनले की पुढची प्रत्येक गोष्ट त्याच मताला पुष्टी देणारी वाटू लागते; हा माणसाच्या विचाराचाच स्वभाव आहे आणि अनुभवी व्यक्तीही त्याला अपवाद नसते. म्हणून हा प्रश्न गटातल्या प्रत्येकाला, प्रत्येक केसमध्ये विचारला जावा. मग तो एका ज्येष्ठ बाईंवरचा अविश्वास ठरत नाही.

प्रतिसाद ३ : केसवर्कर

मी पर्यवेक्षकाच्या समोरच्या खुर्चीत बसते, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. मूल नोंदीतून नाहीसे होते, त्यामागे कित्येकदा भीती असते. घरातला एखादा पुरुष दारातच उभा राहतो, आवाज चढवतो, किंवा काहीही न बोलता सबंध वेळ खोलीत बसून राहतो. अशा वेळी मुलाला उठवा म्हणण्याचा धीर होत नाही आणि आईशी चाललेले सौम्य बोलणे तसेच चालू ठेवणे सोपे जाते. ही भीती आम्ही आपणहून सांगत नाही, कारण आपण या कामाला पुरे पडत नाही असा तिचा अर्थ लावला जाईल असे वाटते. त्या बाईंना एकदा शांतपणे विचारा, ‘त्या घराच्या पायऱ्या चढताना तुम्हाला काय वाटते?’ उत्तर यायला वेळ लागला तर तो वेळ द्या. भीती असेल तर पुढच्या भेटीला दोघींनी जाणे हाच उपाय आहे.

आणि बैठक रद्द करू नका. ती दोनदा पुढे ढकलली गेली की आम्ही अवघड गोष्टी आणणे बंद करतो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. फाइलमध्ये निर्णय लिहिला असून उद्या सकाळी आम्ही दोघी एकत्र जात आहोत. बाईंना पायऱ्यांबद्दलचा प्रश्न विचारला, तेव्हा तक्रारीनंतर त्या घरात राहायला आलेल्या एका नातेवाइकाचा उल्लेख त्यांनी प्रथमच केला. त्याचे नाव फाइलमध्ये कुठेही नव्हते. भेटीत मुलाशी कोणी बोलावे?

प्रतिसाद २ : प्रशिक्षक

बाईंनीच बोलावे, मुलगा त्यांना ओळखत नसला तरी पुढेही त्याच त्याच्याकडे जाणार आहेत. आपण आईला दुसऱ्या खोलीत बोलण्यात गुंतवा आणि नातेवाइकाबद्दलची चौकशी तिच्याकडेच करा. मुलाशी जमिनीवर बसून, खेळता खेळता बोलावे. ‘तुला कोणी मारते का?’ असे सुचवणारे प्रश्न टाळून ‘तुझ्या घरात कोण कोण राहतं, ते मला सांग’ इथून सुरुवात करावी आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहावे. त्या नातेवाइकाची माहिती संबंधित यंत्रणांकडून तपासण्याचे काम मात्र उद्याच्या भेटीवर सोडू नका; ती विनंती आजच पाठवा.