तवशाचे धोंडस ओव्हनमध्ये मधोमध चिकट राहते, मदत हवी आहे

नमस्कार. आमचे मूळ गाव देवगड तालुक्यातले असून गौरी-गणपतीच्या दिवसांत आमच्या घरी तवशाचे धोंडस, म्हणजे तांदळाचा रवा आणि गूळ घालून केलेला केकसारखा गोड पदार्थ, हमखास होत असे. पावसाळी काकडी वेलावरच जून होऊन पिवळी-तांबूस झाली की तिला आमच्याकडे तवसे म्हणतात; गोव्यात तवशाच्या धोंडसाला तवसाळी असे नाव आहे. आई जाड बुडाच्या कल्हईच्या टोपात मिश्रण घालून तो टोप चुलीच्या मंद निखाऱ्यांवर ठेवत असे आणि वरच्या झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरत असे. खालून-वरून सारखी धग लागल्यामुळे दोन्ही अंगांना खरपूस, तांबूस कड धरायची आणि आतला भाग मऊ, पण सुरीला न चिकटणारा असायचा. आता आई आमच्याकडे पुण्यात असते. वयामुळे तिच्या हातून हे काम होत नाही आणि फ्लॅटमध्ये निखाऱ्यांची सोय नाही, म्हणून यंदा तिच्या चवीचे धोंडस आपण ओव्हनमध्ये करून तिला खाऊ घालावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मी घेतलेले प्रमाण असे आहे: तीन वाट्या तवशाचा कीस, दीड वाटी दुकानातला इडलीचा रवा, दीड वाटी चिरलेला गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, दोन मोठे चमचे तूप, चवीपुरते मीठ आणि वेलची. तवसे सोलून, मधला बियांचा गर काढून किसले होते. पहिल्या वेळी कीस घट्ट पिळून घेतला, तर रवा शिजलाच नाही आणि वडीचा भुगा झाला. दुसऱ्या वेळी सगळे पाणी तसेच ठेवले, रवा तुपावर भाजून कीस आणि गुळात कालवला आणि १८० अंशांवर ४० मिनिटे भाजले. वरून रंग सुरेख आला, परंतु मध्ये सुरी घातली तेव्हा ती लगद्यात रुतली, आणि भांडे कलते केल्यावर कडेने गुळाचे पाणी ओघळले. आईने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "वास अगदी घरचा आलाय, पण अजून बसलं नाही गं."

आंब्याच्या रसाचा रव्याचा केक आणि पिकल्या केळ्यांचा कणकेचा केक याच ओव्हनमध्ये मला नेहमी चांगले जमतात, त्यामुळे दोष यंत्राचा नसावा. त्या केकमध्ये सोडा असतो. धोंडसात आईने कधी सोडा घातला नाही आणि मलाही तो घालायचा नाही. पाण्याचा अंदाज कसा घ्यावा, इडलीचा रवा चालतो की तांदळाच्या कण्याच हव्यात आणि वरची-खालची आच कशी ठेवावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:

आपले प्रमाण ठीक आहे. माझ्या मते चूक भाजण्याआधीच्या टप्प्यात झाली आहे. कीस आणि गूळ एकत्र करून आधी गॅसवर उकळू द्यावा, कारण गूळ विरघळताना तवशाला आणखी पाणी सुटते आणि ते नेमके किती आहे हे तेव्हाच डोळ्यांना दिसते. मग भाजलेला रवा आणि खोबरे घालून, झाकण ठेवून, मधूनमधून ढवळत मंद आचेवर शिजवावे. मिश्रण कडा सोडू लागले आणि त्यात उलथने क्षणभर उभे राहिले, की ते ओव्हनसाठी तयार झाले असे समजावे. कीस पिळू नये. तवशाच्या पाण्यातच रवा शिजायला हवा.

इडलीचा रवा बहुधा उकड्या तांदळाचा असतो आणि तो पाणी वेगळ्या रीतीने धरतो. साधा तांदूळ धुऊन, कापडावर सुकवून, मिक्सरमध्ये जाडसर काढलेला रवा घ्यावा. पसरट भांड्याला तूप लावून तळाशी हळदीचे पान घालावे आणि थर दीड इंचापेक्षा जाड ठेवू नये. १८० अंशांवर दोन्ही कॉइल चालू ठेवून साधारण ३५ मिनिटे भाजल्यावर शेवटची दहा मिनिटे फक्त वरची ठेवावी. तवशाच्या देठाकडचा तुकडा आधी चाखून पाहावा आणि तो कडू लागल्यास ते तवसे वापरूच नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गरम धोंडस कापू नये. तांदळाचा पदार्थ थंड होतानाच घट्ट होतो. आमच्याकडे ते रात्री करून सकाळीच कापतात.

मूळ प्रश्नकर्ती:

मनःपूर्वक आभार. मी दोन्ही वेळा ते ओव्हनमधून काढल्यावर दहा मिनिटांतच कापले होते. आपल्या सांगण्याप्रमाणे काल रात्री घरच्या रव्याचे केले आणि भांडे कापडाने झाकून ठेवले. सकाळी वडी अखंड निघाली आणि हळदीच्या पानाच्या शिरा तिच्या खालच्या अंगावर उमटल्या होत्या. कडेचा खरपूस तुकडा आईने स्वतः मागून घेतला. मधला भाग अजून किंचित ओलसर वाटतो, तेव्हा पुढच्या वेळी गॅसवर पाच मिनिटे अधिक आटवून पाहीन.