मदत हवी आहे : १९९१ च्या माझदा एमएक्स-५ चा फ्युएल फिल्टर बदलायचा आहे, पण दोष फिल्टरचाच आहे का?

नमस्कार मंडळी,

गाडीचे ब्रेक, ऑइल, प्लग, बेल्ट ही कामे मी गेली बरीच वर्षे घरी स्वतः करतो, परंतु पेट्रोलच्या लाइनला आणि तीतील कचरा अडवणाऱ्या फ्युएल फिल्टरला आजवर कधी हात लावलेला नाही. त्यामुळे काम सुरू करण्यापूर्वी जाणकारांचा सल्ला घ्यावा, या हेतूने हा धागा काढत आहे.

गाडी १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे. दोन आसनांची, उघडता येणाऱ्या छपराची, १५९८ सीसी इंजिनाची स्पोर्ट्स कार. माझे थोरले काका इंग्लंडमध्ये डॉक्टर होते आणि कायमचे साताऱ्याला परतताना त्यांनी ती सोबत आणली. माझदा हे नाव आपल्याकडे स्वराज माझदाच्या ट्रक आणि मिनीबसमुळे परिचित असले, तरी या गाडीचा एकही सुटा भाग इथल्या दुकानात मिळत नाही. काकांनी ती मार्च २०२० मध्ये शेवटची चालवली. टाळेबंदी, त्यांचे आजारपण आणि नंतर त्यांचे निधन यांत गाडी शेडमध्ये तशीच उभी राहिली. साताऱ्याचे पाच पावसाळे तिने जेमतेम पाव भरलेल्या टाकीने काढले. टाकी पत्र्याची आहे आणि ४५ लिटरची आहे, म्हणजे उरलेल्या जागेत पाच वर्षे दमट हवा खेळत होती, हे या प्रश्नात महत्त्वाचे असावे असे मला वाटते.

गेल्या हिवाळ्यात मी गाडी हाती घेतली. जुने पेट्रोल नळीने जेवढे निघाले तेवढे उपसले, नवे १५ लिटर भरले, बॅटरी बदलली आणि गाडी चौथ्या प्रयत्नात सुरू झाली. आयडलिंग उत्तम आहे. साताऱ्याहून कोरेगावच्या सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरने ती कुरकुर न करता जाते. अडचण येते ती समर्थ मंदिर ओलांडून यवतेश्वरचा घाट चढताना. पहिली दोन-तीन वळणे गाडी चांगला पिकअप घेते, त्यानंतर ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग सुरू होते, म्हणजे इंजिन अडखळते, गचके बसतात आणि शेवटी ती दुसऱ्या गिअरमध्येही ओढत नाही. बाजूला घेऊन दहा मिनिटे थांबलो की पुन्हा पूर्ववत चालते, आणि दीड-दोन किलोमीटरवर पुन्हा तेच होते. याच रस्त्यावर पुढे असलेले कासचे पठार सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा परिणाम असेल का, असाही विचार मी केला. परंतु उंचीमुळे शक्ती हळूहळू आणि सारखी कमी होईल, गचके बसणार नाहीत आणि थांबल्याने सुधारणाही होणार नाही. प्लग, प्लगच्या वायरी आणि एअर फिल्टर नवे आहेत. म्हणून संशय इंधन कमी पोहोचण्यावर येऊन थांबला.

फिल्टर गाडीच्या खाली, उजव्या मागच्या चाकाच्या पुढे, एका प्लॅस्टिकच्या आवरणामागे आहे. ते आवरण काढून पाहिले तेव्हा पत्र्याचा डबा बाहेरून पूर्ण गंजलेला दिसला. त्यावरचा शिक्का वाचता येत नाही, म्हणजे तो कधी बदलला होता याचा काही पत्ता नाही. दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्या लाकडासारख्या कडक झाल्या आहेत आणि निपलवर, म्हणजे डब्याच्या तोंडांवर, इतक्या घट्ट बसल्या आहेत की हाताने पिळूनही तसूभर हलल्या नाहीत. जोर लावला तर फिल्टरपर्यंत येणारा लोखंडी पाइपच मुरगळेल, या भीतीने मी तिथेच थांबलो. नवा फिल्टर इंग्लंडमधील चुलतभावाने पाठवला असून तो हातात आहे.

इथल्या एका गॅरेजमध्ये विचारले असता मिस्त्रींनी सांगितले की जुना डबा काढून टाकावा आणि त्या जागी पारदर्शक प्लॅस्टिकचा छोटा फिल्टर बसवावा, म्हणजे कचरा डोळ्यांनी दिसेल आणि खर्चही नगण्य येईल. मला हा सल्ला मुळीच पटला नाही. तो फिल्टर कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी असतो, जिथे पंपाचा दाब अर्ध्या बारपेक्षाही (बार हे दाबाचे एकक) कमी असतो. या गाडीत इंजेक्शन आहे, म्हणजे पेट्रोल दाबाने फवारले जाते, आणि लाइनमध्ये अडीच-तीन बारच्या आसपास दाब राहतो. असा फिल्टर चालत्या गाडीत फुटला, तर पेट्रोलचा फवारा थेट गरम सायलेन्सरच्या दिशेने जाईल.

तेव्हा माझे प्रश्न असे आहेत. लक्षणांवरून दोष फिल्टरचाच वाटतो का, की टाकी उघडल्याशिवाय नवा फिल्टर लावणे म्हणजे तो वाया घालवणे ठरेल? चिकटलेली नळी लोखंडी पाइपाला इजा न करता कशी सोडवावी? लाइनमधला दाब उघडण्यापूर्वी कसा उतरवावा? आणि सध्या पंपावर मिळणाऱ्या ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलला टिकेल अशी रबरी नळी कोणत्या दर्जाची घ्यावी? आपला जिल्हा उसाचा आहे, इथल्या कारखान्यांत तयार होणारे इथेनॉलच पेट्रोलमध्ये मिसळले जाते, त्याबद्दल माझी तक्रार नाही; परंतु ३५ वर्षांपूर्वीच्या रबराचा त्या मिश्रणापुढे निभाव लागेल असे वाटत नाही.

प्रतिसाद (मिरजेहून)

आपण लक्षणे नीट टिपली आहेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मिरजेत माझे गॅरेज आहे आणि बराच काळ उभ्या राहिलेल्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात.

दहा मिनिटे थांबल्यावर गाडी सुधारते, ही आपल्या वर्णनातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. बाहेरचा फिल्टर तुंबला असेल तर त्यातला कचरा कागदात रुतलेला असतो. तो थांबल्याने सुटत नाही, म्हणून गाडी चढावर नेहमीच सारखी कमी ओढते. याउलट टाकीत पंपाच्या तोंडाशी जी बारीक जाळी असते, तिच्यावर गंजाचे कण ओढीने येऊन चिकटतात, आणि पंप बंद झाला की ते तळाशी खाली पडतात. त्यामुळे थांबल्यावर थोडा वेळ सर्व ठीक चालते. माझा अंदाज असा की जाळी आणि फिल्टर दोन्ही तुंबलेले आहेत, पण आधी टाकी पाहावी. अन्यथा नवा फिल्टर महिन्याभरात तुंबेल.

त्याहीआधी एक बिनखर्चाची तपासणी करावी. घाटात गाडी अडली की लगेच टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा मोठा आवाज आला आणि गाडी तत्काळ सुधारली, तर टाकीचा श्वास घेण्याचा मार्ग बंद आहे आणि फिल्टरचा काही दोष नाही.

आपल्या गाडीत पंपापर्यंत पोहोचण्यासाठी टाकी उतरवावी लागत नाही, हे भाग्य समजावे. आसनांच्या मागे गालिचा उचलला की पत्र्याचे झाकण आहे, त्याखाली पंपाची जोडणी सापडेल. जाळी काढल्यावर टाकीच्या तळाशी टॉर्च मारून पाहावे. तळाला पाण्याचा वेगळा थर दिसला तर आश्चर्य वाटू देऊ नये. इथेनॉल पाणी धरून ठेवते. १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी सामावून घेते, आणि त्याहून अधिक झाले की पाणी व इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात. तो थर लोखंडाला फार लवकर खातो. जुन्या टाकीत बसलेला डिंकासारखा थरही नव्या पेट्रोलमधील इथेनॉलने सुटतो आणि पुढे फिल्टरमध्ये जाऊन बसतो.

दाब उतरवण्यासाठी इंजिन चालू ठेवून फ्युएल पंपाचा रिले, म्हणजे पंपाला वीज देणारा स्विच, काढावा. या गाडीत त्याला सर्किट ओपनिंग रिले म्हणतात. इंजिन आपोआप बंद पडेल. मग दोन-तीन वेळा स्टार्टर फिरवावा आणि त्यानंतरच बॅटरीची निगेटिव्ह काढावी. आपली बॅटरी डिकीत आहे, म्हणजे कामाच्या जागेच्या अगदी वर आहे. तिथे ठिणगी पडता कामा नये. एवढे करूनही फिल्टरमध्ये कपभर पेट्रोल राहतेच, म्हणून खाली पत्र्याचे भांडे आणि हाताशी कोरड्या पावडरचे अग्निशामक असावे. उजेडासाठी तारेचा बल्ब वापरू नये, बॅटरीचा टॉर्च वापरावा. गाडी रात्रभर थंड झालेली असावी आणि केवळ जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर असावी.

चिकटलेल्या नळीला पिळू नये, ओढू तर मुळीच नये. ती जुनी आहे आणि आपण ती टाकूनच देणार आहात, तेव्हा धारदार ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्यावी आणि सालीसारखी सोलून काढावी. ब्लेड लोखंडी निपलवर खोल ओढू नये. आडवा ओरखडा राहिला तर नवी नळी तिथून गळेल. जिथे चीर देता येत नाही तिथे आकड्याच्या टोकदार हत्याराने नळी आणि निपल यांच्यामध्ये हळूहळू फिरवत जावे. त्या प्लॅस्टिकच्या फिल्टरबद्दल आपला निर्णय योग्य आहे.

प्रतिसाद (कराडहून)

नळीविषयी थोडेसे. नळीवर एसएई जे-३० आर-९ असा दर्जा छापलेला पाहूनच घ्यावी. आर-७ ही कार्ब्युरेटरच्या कमी दाबाची नळी आहे. दिसायला दोन्ही सारख्याच असतात आणि दुकानदार पुष्कळदा फरक करत नाहीत. आर-९ च्या आतले अस्तर फ्लुओरोरबराचे असल्याने ती इथेनॉलला बरीच टिकते. क्लिपही इंजेक्शनच्या, गोल कडेच्या घ्याव्यात. चिरा असलेल्या साध्या पट्टीच्या क्लिपा आवळताना रबर कापतात. आणि फक्त फिल्टरजवळचे दोन तुकडे बदलून थांबू नये. पंपाच्या वरचे आणि इंजिनाजवळचे तुकडेही त्याच वयाचे आहेत.

धागाकर्ता (सोळा दिवसांनंतर)

दोघांचेही मनापासून आभार. काम पूर्ण झाले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

झाकणाची तपासणी आधी केली. घाटात गाडी अडल्यावर झाकण उघडले, किंचित आवाज आला, परंतु गाडीत काही फरक पडला नाही. त्यानंतर बॉनेटखालील डायग्नोसिस बॉक्समध्ये (तपासणीच्या जोडण्यांच्या डबीत) एफ-पी (फ्युएल पंप) आणि ग्राउंड या दोन टोकांना वायर जोडून, चावी ऑन करून, इंजिन न चालवता पंप फिरवला आणि उरलेले पेट्रोल टाकीत परत नेणाऱ्या नळीतून येणारे पेट्रोल मापाच्या डब्यात धरले. ३० सेकंदांत जेमतेम ३०० मिलिलिटर भरले.

पंपाची जाळी बाहेर काढली तेव्हा ती मूळची कोणत्या रंगाची होती हे सांगता येऊ नये, इतकी तपकिरी झाली होती. टाकीच्या तळाशी चहाच्या गाळासारखा गंज होता आणि एका कोपऱ्यात सुमारे दोन पेले पाणी साचलेले होते. ते सर्व हातपंपाने काढून टाकी दोन वेळा स्वच्छ पेट्रोलने विसळली आणि लोकरीचे नव्हे, सुती फडके लावून कोरडी केली. सुदैवाने पत्र्याला भोक नाही. काढलेले पेट्रोल गटारात न ओतता बंद कॅनमध्ये ठेवले आहे. जाळी बदलून पुन्हा माप घेतले, तर ३० सेकंदांत ५५० मिलिलिटर भरले. म्हणजे अर्धी अडचण तिथेच सुटली.

त्यानंतर फिल्टर. सांगितल्याप्रमाणे दाब उतरवला, बॅटरी सोडली आणि नळ्यांना लांबीत चीर देऊन त्या सोलून काढल्या. मागची नळी पाच मिनिटांत निघाली, पुढचीला मात्र तासभर लागला, कारण तिथे ब्लेड सरळ धरायला जागा नव्हती. नवा फिल्टर लावताना त्यावरील बाण इंजिनाच्या दिशेने आहे, याची दोनदा खात्री केली. जुन्या फिल्टरमधील पेट्रोल येणाऱ्या तोंडाकडून पांढऱ्या कापडावर ओतले, तेव्हा कापडावर काळपट-तांबडा चिखल उतरला. जाणाऱ्या तोंडाकडून ओतलेले मात्र स्वच्छ होते. इतकी वर्षे तुंबून गेला असतानाही त्या डब्याने इंजेक्टरपर्यंत कचरा जाऊ दिला नाही, हे पाहून मला खरोखर त्याच्याविषयी आदर वाटला.

सर्व नळ्या आर-९ च्या घातल्या. इंजिन सुरू करण्यापूर्वी तीच वायर जोडून पाच मिनिटे पंप फिरवला आणि प्रत्येक जोडाखाली कोरा कागद धरला. पुढच्या जोडावर एक थेंब आला, ती क्लिप पाव फेरा आवळल्यावर थांबला. ही तपासणी केली नसती तर तो थेंब मला घाटात कळला असता. शेवटचे माप ८५० मिलिलिटर आले.

परवा सकाळी समर्थ मंदिरापासून कासपर्यंत न थांबता गेलो. एकही गचका बसला नाही. ५०० किलोमीटरनंतर फिल्टर पुन्हा एकदा बदलणार आहे, कारण टाकीच्या सांदीकोपऱ्यांत थोडा गंज राहिलेलाच असेल. दुसरा फिल्टर मागवला आहे.

एक विनंती उरली आहे. फिल्टरवरच्या प्लॅस्टिकच्या आवरणाचा एक कान काढताना तुटला आणि सध्या ते तारेने बांधलेले आहे. पावसाळ्यात चिखल थेट नव्या क्लिपांवर उडू नये असे वाटते. पुणे, सातारा किंवा सांगली परिसरात कोणाकडे या गाडीचे जुने आवरण असेल, किंवा पत्र्यात तसे करून देणारे कोणी माहीत असतील, तर कृपया इथेच कळवावे.