बीएस्सी करताना पोर्टफोलिओ ठेवावा की निव्वळ परीक्षेचा अभ्यास करावा?

ब्युरेट (मूळ धागा)
बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बीएस्सीच्या पोरांसाठी माझं मत सांगतो, पटलं नाही तर भांडा. पहिल्या सेमिस्टरपासून स्वतःच्या कामाचा पोर्टफोलिओ ठेवा.

सर्टिफिकेटांची फाईल म्हणजे पोर्टफोलिओ नव्हे. वेबिनारला हजेरी लावली, प्रमाणपत्र डाउनलोड केलं, कलर प्रिंट काढून प्लास्टिकच्या कव्हरात घातलं, असल्या जाडजूड फायली पुष्कळ बघितल्यात. शेवटपर्यंत चाळल्या तरी पोरानं नक्की काय केलंय याचा पत्ता लागत नाही.

मी म्हणतो ते पान असं. गावातल्या विहिरीच्या पाण्याचा हार्डनेस, म्हणजे त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचं प्रमाण, काढलास. ५० मिली पाणी, पीएच १० चा अमोनिया बफर, रंग बदलून खूण देणारा एरिओक्रोम ब्लॅक टी, आणि ब्युरेट नावाच्या मोजनळीतून थेंब-थेंब ०.०१ मोलर ईडीटीएचं द्रावण. वाइन रेड जाऊन निळा आला की थांबायचं. ब्युरेट १४.२ मिली दाखवतो, म्हणजे हार्डनेस लिटरला २८४ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत उत्तम, दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. इथवर प्रॅक्टिकलच्या जर्नलातही असतं. पुढचं जर्नलात नसतं: विहीर कुठली, महिना कुठला, पावसाआधीचं पाणी की नंतरचं, तीन रीडिंगांतलं एक फटकून का आलं. खानापूरकडं जांभा आणि अथणी-रायबागकडं काळी माती, तर पाण्यात फरक पडायला हवा. पडतो का? हा प्रश्न स्वतःला पडला आणि तो मोजून बघितला, याची नोंद म्हणजे पोर्टफोलिओ.

जॅमची तयारी
दादा, वाचायला झकास. पण आयआयटीत एमएस्सीला जायचं तर जॅम ही प्रवेश परीक्षा. तीन तास, ६० प्रश्न, १०० मार्क. त्यावर रँक, रँकवर सीट. तुमच्या विहिरीचं पाणी कुठल्या रकान्यात भरायचं सांगा. धारवाड घ्या, कोल्हापूर घ्या, तिथंही मार्क नाहीतर एंट्रन्स. आधीच आमच्या कॉलेजात सिलॅबस पुरा होत नाही, उरलेला आम्ही यूट्यूबवर करालोय. त्यात ही आणखी एक वही!

जांबोटी लाईन
मी कणकुंबीकडची. पहाटे उठून बस धरायची. शक्ती योजनेमुळं मुलींना तिकीट लागत नाही हे खरं, पण बसायला जागाही मिळत नाही. प्रॅक्टिकलला चौघींत एक ब्युरेट, त्यातली एक ओतणार, एक बघणार, दोघी रीडिंग उतरवून घेणार. तास संपला की लॅब असिस्टंट कुलूप घेऊन दारात उभा. ब्युरेटदादा, तुमचा ईडीटीए मला कोण देणार? बेळगावात राहणाऱ्यांनी पोर्टफोलिओच्या गोष्टी कराव्यात. गाड्या त्यांच्या, वेळ त्यांचा.

साखर लॅब
चिकोडीकडच्या एका कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. गाळप सुरू व्हायच्या आधी सीझनल केमिस्टसाठी पोरं येतात. फर्स्ट क्लास सगळ्यांकडंच असतो, त्यावरून कुणाला निवडायचं? मी एवढंच विचारतो: रसाचा ब्रिक्स (विरघळलेले सगळे पदार्थ, टक्क्यांत) १८, पोल (त्यातली साखर) १५, प्युरिटी किती? पोलला ब्रिक्सनं भागून शंभरनं गुणायचं, ८३.३३. केमिस्ट्रीचे ग्रॅज्युएट छताकडं बघत बसतात ओ.

एक पोरगी आली होती, तिच्याकडं साधी दोनशे पानी वही. घरच्या उसाचा ब्रिक्स दर आठवड्याला घेतलेला, शेंड्याकडच्या कांडीचा वेगळा, बुडक्याकडचा वेगळा. ब्रिक्स मोजायचा हँड रिफ्रॅक्टोमीटर शेतकी ऑफिसातल्या माणसाकडून मागून आणायची. दोन्ही आकडे जवळजवळ आले की ऊस पिकला. मधे एका आठवड्यात ब्रिक्स खाली आलेला, शेजारी लिहिलेलं, ‘परवा पाणी दिलं’. त्या तीन शब्दांवर मी तिला घेतलं. सर्टिफिकेट मागितलंसुद्धा नाही.

जॅमची तयारी
सर, राग मानू नका, पण ती नोकरी सीझनल. गाळप संपलं की पोरगी घरी. पगाराचाही आकडा सांगा की. रिसर्चला जायचं असेल त्यानं उसाचा ब्रिक्स घेत बसायचं का?

साखर लॅब
सीझनल आहे, नाकारत नाही. पुढं शुगर टेक्नॉलॉजी करायची तर निजलिंगप्पा इन्स्टिट्यूट बेळगावातच आहे, पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा इन्स्टिट्यूट आहे. बाकी ‘उसाचा ब्रिक्स’ म्हणून नाक मुरडायचं कारण कळलं नाही. तुझ्या चहात साखर कुठून येते?

टिळकवाडीचा मास्तर
डिग्री कॉलेजात शिकवतो. ब्युरेट, तुमचा हेतू चांगला, पण एक धोका दिसालाय. उद्या कुणीतरी हा पोर्टफोलिओ सक्तीचा करून त्याला इंटर्नलचे मार्क जोडणार. मग काय होईल? जे जर्नलचं होतं तेच. एक हुशार मुलगी लिहिते आणि अख्खी बॅच उतरवते, खाडाखोडीसकट! तीन रीडिंगांतलं फटकून आलेलं रीडिंगसुद्धा सगळ्यांचं सारखंच निघेल.

शिवाय आमच्याकडं रचनाच स्थिर नाही. २०२१ ला चार वर्षांची ऑनर्सची पद्धत आली, चौथ्या वर्षी संशोधनाला वाव मिळेल म्हणून आम्ही आशेवर. २०२४ ला सरकारनं परत तीन वर्षांची डिग्री केली. सिलॅबस समजून घेण्यात मास्तरच दमतात, पोरांच्या वह्या कुठं बघणार? ज्याला खाज आहे त्यानं ठेवावा. सगळ्यांना उपदेश नको.

ब्युरेट
मास्तर, सक्तीला माझाही विरोध. मार्क जोडले की वस्तू मेली.

जॅमवाल्या मित्रा, आयआयटीच्या एमएस्सीपुरतं तुझं बरोबर आहे, तिथं रँकच चालते. पण बेंगळूरच्या आयआयएससीच्या इंटिग्रेटेड पीएचडीला जॅमच्या स्कोअरवर फक्त बोलावणं येतं, पुढं इंटरव्ह्यू असतो. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतही लेखी परीक्षेनंतर इंटरव्ह्यू. समोरचा विचारतो, ‘काय केलंय? मग हे असं का झालं?’ तिथं पाठांतर दोन मिनिटांत उघडं पडतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची रिसर्च फेलोशिप देतात. तिच्या अर्जात काय करायचंय ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं असतं आणि शिक्षकाचं पत्र जोडायचं असतं. ज्यानं कधी स्वतःचं काही मोजलंच नाही तो तिथं काय लिहिणार? चॅटजीपीटीकडून घेतलेली चार गुळगुळीत वाक्यं.

आणि जांबोटीच्या ताई, तुमचं लॅबचं गाऱ्हाणं शंभर टक्के खरं. पण तुम्ही राहता कुठं बघा. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई त्याच तालुक्यात देगावजवळ. भीमगड अभयारण्य शेजारी, तिथल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ जगभरचे अभ्यासक ओळखतात. टिळकवाडीतल्या पोराला हे बघायला गाडी करून यावं लागतं.

जांबोटी लाईन
हे मात्र ऐकून ऐकून कान किटले. ‘तुमच्याकडं किती छान निसर्ग!’ गुहेत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षातल्या मुलीला कोण देतंय? आणि पावसाळ्यात आमच्याकडं लाईट चार-चार दिवस नसते, त्यात कसला पोर्टफोलिओ अपलोड करणार?

एकच विचारते. दोन पावसाळे मी घरामागच्या ओढ्यावर रात्री बेडकांचे आवाज मोबाईलवर घेतलेत. तारीख-वेळ फाईलमध्येच येते. पाऊस होता की उघडीप, तेवढं वहीत लिहिलंय. नावं एकाचंही माहीत नाही. असलं काही धरतात का?

टिळकवाडीचा मास्तर
धरतात काय, ताई, हेच धरतात! नाव नंतर लागेल. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या वेबसाइटवर फोटोसारखाच आवाजही टाकता येतो, ओळखणारे लोक तिथं असतात. मूळ फाईल कापू नका, गोंगाट राहू दे. आधी दोन्ही पावसाळ्यांचा साधा तक्ता करा: तारीख, वेळ, पाऊस, किती प्रकारचे आवाज. मग तुमच्या झूलॉजीच्या सरांना दाखवा. त्यांना वेळ नसेल तर इथं लिहा, आपण कुणीतरी गाठून देऊ.

(वर मी उपदेश नको म्हटलं आणि आता मीच करालोय, असो.)

निपाणीकर
माझा वेगळाच घोळ. शेताचं मृदा आरोग्य कार्ड कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रातून आलं ते कन्नडात, कॉलेजचं जर्नल इंग्रजीत, डोकं मराठीत. पोर्टफोलिओ लिहू कशात?

ब्युरेट
कच्ची नोंद ज्या भाषेत भराभर हात चालतो तिच्यात. महिन्याच्या शेवटी एक पान इंग्रजीत पक्कं कर, इंटरव्ह्यूला तेच लागेल. कार्डाचा फोटो आहे तसा चिकटव, शेजारी पीएच आणि सेंद्रिय कर्बाचे आकडे लिही. आणि तीच माती कॉलेजच्या पीएच मीटरवर स्वतः तपास. आकडा जुळला नाही तर फारच उत्तम, लिहायला विषय मिळाला.

जॅमची तयारी
ठीक आहे. इंटरव्ह्यूचा मुद्दा मला ठाऊक नव्हता, तेवढा मान्य. पण फेब्रुवारीत जॅम आहे, तोवर मी वही उघडणार नाही. आधी रँक, मग बेडूक.

साखर लॅब
फेब्रुवारीत आमचं गाळप चालू असतं. पेपर झाला की ये एखाद्या दिवशी, लॅब दाखवतो. आधी फोन कर, गेटवर सोडत नाहीत.