फोरेजिंगला मराठीत काय म्हणायचं?

प्राणी अन्न कसं मिळवतात यावरच्या संशोधनाबद्दल लेख लिहितोय आणि फोरेजिंग या शब्दाला अडलोय. चरणं म्हटलं की डोळ्यासमोर गाय येते, चारा शोधणं पण गुरांचंच, आणि माझ्या लेखात खेकडे, कावळे, पाखरं सगळेच आहेत. अन्नशोध चालेल का?

*

चालेल की. पंचाईत अशी आहे की आपल्याकडे गाय चरते, शेळी पाला ओरबाडते, चिमणी दाणे टिपते, वाघ शिकार करतो, उंदीर कुरतडतो, म्हणजे ज्याचं त्याचं क्रियापद आहे पण सगळ्यांना पोटात घेणारं एकही नाही. मग संस्कृतकडे जाणं आलंच.

*

अन्नशोध मला अर्धवट वाटतो. शोधणं हा या भानगडीतला पहिला भाग झाला, पण सापडल्यावर ते फोडायचं, सोलायचं, गिळायचं यातही वेळ जातो आणि अभ्यासक तो वेगळा मोजतात. किनाऱ्यावरच्या खेकड्यांचं उदाहरण घ्या, एल्नर आणि ह्यूज यांनी १९७८ मधे दाखवलं की ते शिंपल्यांमधले सगळ्यात मोठे नाही तर मधल्या आकाराचे जास्त पसंत करतात, कारण मोठा फोडण्यात इतका वेळ जातो की तेवढ्या वेळाच्या मानाने पदरात कमीच पडतं. आता यात शोध कुठेय? शिंपला तर समोरच पडलाय! हा सगळा जमाखर्च आहे, म्हणून मी तरी अन्नार्जन म्हणेन. अर्जन म्हणजे कमावणं, आणि कमाई म्हटलं की खर्च आलाच. मॅकआर्थर आणि पियांका यांनी १९६६ मधे या विषयाचा पाया घातला तेव्हापासून विचार हाच आहे, की वेळ किंवा ऊर्जा किती गेली आणि मिळालं किती.

कावळ्यांचं तर फारच भारी आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कावळे समुद्री गोगलगायी उचलून उंचावरून खडकावर टाकतात. झॅक यांनी मोजलं तर ते मोठ्याच गोगलगायी निवडत होते आणि साधारण ५ मीटरवरून टाकत होते. कमी उंचीवरून टाकली तर पुन्हापुन्हा उचलावी लागते, आणि फार वर गेलं तर चढण्यातच दम जातो.

*

अन्नार्जन पटलं. पण या जमाखर्चाच्या विचाराला इंग्रजीत ऑप्टिमल फोरेजिंग थिअरी म्हणतात, त्यातल्या ऑप्टिमलला इष्टतम लावून 'इष्टतम अन्नार्जन सिद्धांत' केलंत तर वाचणारा तिथूनच पळेल हो :) किफायतशीर म्हणा.

*

किफायतशीर म्हणजे स्वस्तात उरकलेलं असं कोणी घेईल. एकदा इष्टतम लिहून लगेच 'म्हणजे कमी खर्चात जास्तीत जास्त' असं सांगून टाका, पुढे त्रास नाही.

*

ठरलं मग, शीर्षकात अन्नार्जन, आत खेकडा निवडतो, कावळा टाकतो अशी साधी क्रियापदं. आता पॅच राहिला, म्हणजे अन्न एकवटलेली जागा. चार्नोव्ह यांचं १९७६ चं जे आहे, की एका जागी मिळकत घटत घटत आसपासच्या सरासरीवर आली की प्राण्याने दुसरीकडे निघावं, त्यातल्या पॅचला तुकडा लिहू का?

*

तुकडा नको, वाचणाऱ्याला भाकरीचा वाटेल. ठिकाण लिहा, किंवा सरळ पॅचच ठेवा.